पाडलेल्या वडाची सावली

आमच्या घरात पहिला बी.एस्सी. झालो तो मी. माझे वडील, आप्पा, मेंढरं राखतात. हे सांगायला मला लाज वाटत नाही. दरसाल आटपाडीकडून कराडकडं जाताना विट्याच्या अलीकडं रस्त्याकडेच्या वडाखाली दुपारी ते मेंढरं बसवायचे. रस्ता रुंद करताना तो वड पाडला. त्याच्या जागेवरून आता काँक्रीट गेलंय.

यंदा मी सोबत होतो. भर उन्हात त्या जागी पोचताच मेंढरं रस्त्यातच गोल करून बसली. समोरून आलेला ट्रक थांबून हॉर्न वाजवू लागला. मी काठी आपटली, पण एकही उठलं नाही.

"आवं आप्पा, जित्राबाला जागेची सवय असती."

"व्हय रं, शिकलेल्या. आन ही कोकरं? ती तर वड पाडल्यावर जल्मलीत."

कोकरंही गोलाच्या आतच होती. त्यातलं एक उचलायला मी वाकलो आणि हात खाली टेकला. काँक्रीट गार होतं. गोलाबाहेर मात्र चटका बसत होता.

मी कोकरू परत खाली ठेवलं. अंगातला शर्ट काढला आणि तो हलवत उन्हं कलेपर्यंत गाड्यांना बाजूनं जायच्या खुणा करत उभा राहिलो.