पिशवी काढली म्हणून सांगायचं

माझं पोट तिसऱ्या बाळंतपणानंतर परत आत गेलंच नाही. तिसऱ्या खेपेला जुळी झाली होती. कातडी लोंबायची, पावसाळ्यात तिच्या घडीत जखमा व्हायच्या, आणि शाळेत शिकवताना फळ्यापाशी अर्धा तास उभी राहिले की पाठ मोडून यायची. त्यावर कडी म्हणजे मये ते डिचोली बसमध्ये बायका उठून मला जागा द्यायच्या आणि प्रेमाने विचारायच्या, "कितवो म्हयनो?" हे मी नऊ वर्षं ऐकलं. जुळी चौथीत गेली तरी माझा म्हयनो संपेना.

पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटाचे स्नायू फाकलेत, ते शिवून जादा कातडी काढता येईल. मी एका दमात हो म्हणाले. नवरा मात्र बाहेर पडल्यावर म्हणाला, "घरात आणि गावात पिशवी काढली म्हणून सांगायचं. पोट कमी करून घेतलं म्हटलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आजही संताप येतो. मराठी की कोंकणी यावरून आमच्या तालुक्यातली माणसं भर चौकात घसे फोडून भांडली, घरात अबोले धरले, कुणाला लाज वाटली नाही. बाईचं पोट म्हटलं की मात्र सगळे कुजबुजणार. पिशवी काढलेली चालते, तो भोग असतो. स्वतःच्या अंगाला बरं वाटावं म्हणून काही केलं की ती चैन.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी घरी आले. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली होती. प्रत्येक खड्ड्याला मी उशी पोटावर दाबून धरत होते. कमरेला रुंद पट्टा, त्याच्याखालून दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला रक्तपाणी साठणारे फुगे. निघताना डॉक्टरांनी नळ्या आणि पट्टा यांचं समजावलं, ताठ उभं राहू नका, वाकूनच चाला म्हणाले, आणि बाकी सगळं कागदावर लिहिलंय असं सांगून तो कागद नवऱ्याच्या हातात दिला. कागदाच्या डोक्यावर ऑपरेशनचं नाव ठळक अक्षरांत होतं. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. पण भाचे येतात, शेजारची मुलं येतात, कुणीतरी वाचेल म्हणून नवऱ्याने तो कपाटात, कपड्यांखाली अंथरलेल्या कागदाच्याही खाली सारला. मी दोनदा मागितला. "आई घरात असताना नको," म्हणाला. आई घरात नसते कधी? तिसऱ्यांदा मी मागितला नाही.

सासूबाई पेडण्याच्या. माझी तिन्ही बाळंतपणं त्यांनीच काढली, नणंदेचं पहिलंही. पोट दुखणारी बाई अंथरुणावर पडली की त्यांना एकच उपचार ठाऊक, तोही त्या मनापासून करत. नळ्या निघाल्या, तिसऱ्या आठवड्यात टाकेही निघाले, तशी त्यांनी ओवा आणि जाडं मीठ फडक्यात बांधून पुरचुंडी केली, तव्यावर तापवली, पट्टा सोडला आणि बेंबीखाली शेकू लागल्या.

"हून लागता गो?" त्यांनी विचारलं.

मला गरम काहीच लागत नव्हतं. हाताचा दाब तेवढा कळत होता, आणि कुणी मायेने हात फिरवतंय याचं बरं वाटत होतं. मी म्हणाले, "नाय, बरा वाटता."

"मागीर आणि वायच तापयतंय," म्हणत त्यांनी पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली.

असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या सकाळी पट्टा सोडला तर तळहाताएवढा फोड फुटून पट्ट्याला चिकटलेला. दुखत मात्र काडीचंही नव्हतं, त्यानेच मी घाबरले. नवरा कामावर गेलेला. सासूबाईच मला डिचोलीला दवाखान्यात घेऊन गेल्या.

नर्सने बघितलं आणि तिचा आवाज चढला. "हे भाजलंय. कातडी उचलून ताणून शिवली की ती कित्येक महिने बधिर राहते. चटका कळतच नाही. शेक देऊ नका म्हणून लिहून दिलं नव्हतं?"

"कागद दिला होता," मी म्हणाले.

"मग शेक कोणी दिला?"

"मिया दिलो," सासूबाई म्हणाल्या. पुढचं सगळं त्यांनी उभ्याने ऐकून घेतलं, कातडी कुठून कुठवर कापली, का कापली तेही. परतताना बसमध्ये त्यांनी माझा दंड सोडला नाही.

संध्याकाळी नवरा चपला काढतो न काढतो तोच त्यांनी कागद मागितला. त्याने तो कपाटातून काढून दिला. सासूबाईंनी तो माझ्यापुढे धरला. "वाच गो, काय लिवला हा ता."

मी एकेक ओळ आमच्या बोलीत सांगत गेले. चौथ्या ओळीत शेकाचं होतं. ते ऐकून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"लोक काय म्हणतले, म्हणान..." नवरा पुटपुटला.

"तुझी लाज झाकूक हिका माज्या हातान भाजलंस," त्या म्हणाल्या.

ड्रेसिंगला मी अडीच महिने जात होते. टाक्यांची रेघ आता शोधावी लागते, भाजल्याचा डाग तसाच आहे. पुढच्या वर्षी नणंद दुसऱ्या बाळंतपणाला आली, तेव्हा सासूबाईंनी सगळं केलं, पण शेगडी पेटवली नाही. नणंदेने रडून मागितला तरी शेक दिला नाही. स्वतःच्या हातांवरचा त्यांचा भरवसाच गेला होता. आणि नवरा अजून म्हणतो, गावात कुणाला कळलं नाही, थोडक्यात निभावलं.