जेवणाच्या सुट्टीतले छत्तीस फोटो

कारखान्यात तिला सगळे फुंकरताई म्हणत. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी तिथे बनत आणि ती बावीस वर्षं पॅकिंग खात्यात होती. बाटली हातात आली की आधी उजेडाकडे धरायची, मग फुंकर मारायची आणि मगच कागदात गुंडाळायची. धूळ नसली तरी फुंकर ठरलेली. जेवायला बसली की ताटलीवरही फुंकर मारते, असं खात्यातल्या बायका हसून सांगत आणि ते खोटं नव्हतं.

या फुंकरीमुळेच ती फोटोच्या खोलीत शिरली. कारखान्याच्या कॅटलॉगचे फोटो काढणारे एक मास्तर होते. जिभेने फटकळ, पण हात सोन्याचा. बोटांचे ठसे न उमटवता भांडी टेबलावर मांडणारं माणूस त्यांना हवं होतं, म्हणून साहेबांनी हिला पाठवलं. पहिल्याच दिवशी तिने सवयीने कॅमेऱ्याच्या लेन्सवर फुंकर मारली आणि मास्तर असे कडाडले की बाहेरचा शिपाई धावत आत आला. "तोंडाची वाफ बसते त्यावर! लेन्स आहे ती, चहाची बशी नाही!" मग त्यांनी तिच्या हातात एक रबरी फुगा दिला. दाबला की त्याच्या चोचीतून वारा यायचा. लेन्सची धूळ उडवायची ती त्यानेच.

सहा वर्षं ती मास्तरांना हवं तिथे काळा कागद धरून उभी राहिली. कागद जरा खाली आला की शिव्या, जरा वर गेला की शिव्या. पण त्या शिव्यांमधूनच तिला कळलं की काचेचा फोटो काढायचा म्हणजे तिच्या कडांचा काढायचा. मागे पांढरा उजेड ठेवून दोन्ही बाजूंना काळा कागद उभा केला की कडा काळ्याभोर होतात आणि भांडं कागदावर उभं राहतं. नाहीतर काच आरपार, दिसणार काय कपाळ! कॅमेरा कसा धरायचा, लेन्सचं छिद्र किती लहान करायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे तिने नुसतं बघून बघून उचललं. मास्तरांनी शिकवलं नाही, पण लपवलंही नाही.

मास्तर नोकरी सोडून मुलाकडे राहायला गेले. जाताना स्वतःचे फ्लॅश घेऊन गेले. मागे उरला कारखान्याचा कॅमेरा, जवळून फोटो काढायची एक मॅक्रो लेन्स, एक ट्रायपॉड आणि दोन साधे दिवे. नवा कॅटलॉग तोंडावर आला होता. साहेब बाहेरच्या स्टुडिओला फोन लावणार तोच फुंकरताई केबिनमध्ये उभी.

"मी काढते, साहेब."

"तुम्ही? आणि पॅकिंग?"

"पॅकिंग कुणीही करील. फोटो मी काढते."

बावीस वर्षांत त्या केबिनमध्ये ती स्वतःहून गेली नव्हती. आपल्या तोंडून हे कसं निघालं याचं तिलाच नवल वाटलं, पण निघालं ते खरं होतं. तिला ते काम हवं होतं. दिवसाकाठी बाराशे बाटल्या गुंडाळताना तिच्या मनाचा कुणालाच उपयोग नव्हता, नुसत्या हातांचा होता. फोटोच्या त्या अंधाऱ्या खोलीत मात्र पूर्ण बाई लागत असे.

साहेबांनी कॅटलॉगची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, "छत्तीस नग आहेत. शनिवारी चार वाजता सगळे फोटो मला हवेत. नाही जमलं तर स्टुडिओवाले येतील आणि तुम्ही कायमच्या पॅकिंगला. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

तिने सोमवारी एका दमात छत्तीसच्या छत्तीस काढून टाकले आणि मंगळवारी सकाळी उजळ तोंडाने साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी मोजपात्राचा फोटो पडद्यावर मोठा केला. आणखी मोठा केला. मोजपात्र म्हणजे उभं, नळीसारखं भांडं, अंगावर मापाच्या बारीक रेघा.

"ही रेघ एक आहे की दोन?"

फुंकरताईने वाकून पाहिलं. प्रत्येक रेघेला सावत्र बहीण होती.

"या रेघेवर लोक औषधं मोजतात, बाई. आपण मोजपात्र विकतोय, फुलदाणी नाही."

संध्याकाळी घरी ती गप्प गप्प होती. सासूबाईंनी दोनदा बघितलं आणि कांद्यांची टोपली पुढे सरकवली. "रडायचंच असेल तर हे चिरायला घे. रडणं वाया जायचं नाही."

"मी रडत नाहीये, आई. मी विचार करतेय."

"मग चिरता चिरता कर."

कांदे चिरता चिरता तिने ठरवलं की डोकं धरून बसण्यात अर्थ नाही. चूक एकच असेल किंवा तीन असतील, पण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. बुधवारी सकाळी तिने वहीत तसं लिहायला घेतलं. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून लेन्सवर एक बटण असतं. ट्रायपॉडवर हात हलतच नाही, तेव्हा ते चालू असलं तर लेन्स बिचारी नसलेला हादरा शोधत स्वतःच हलत बसते. ते बंद केलं. रेघ सुधारली, पण आठ आणेच. मग तिला आठवलं की फोटो काढताना कॅमेऱ्यातला आरसा खाडकन वर उचलला जातो. त्या दणक्याने लेन्स थरथरते. तिने आरसा आधी वर करून ठेवला आणि दोन सेकंदांनी शटर उघडेल असं केलं. रेघ आणखी सुधारली. तरी सावत्र बहीण काही घर सोडेना.

ती टेबलासमोर स्टुलावर बसली. समोर बीकर होतं, त्यात फोटोसाठी निळं पाणी. आणि त्या पाण्यावर बारीक बारीक कड्या उठत होत्या. टेबलाला कुणी हात लावलेला नव्हता.

तिने तळहात जमिनीवर ठेवला. जमीन थरथरत होती. भिंतीपलीकडे घासणी खातं होतं. बुचं घट्ट बसावीत म्हणून बाटल्यांची तोंडं घासणारी आठ यंत्रं तिथे पाळ्यापाळ्यांनी दिवसरात्र घरघरत. इतक्या वर्षांत ती घरघर तिच्या अंगात इतकी मुरली होती की जाणवेनाशी झाली होती. मास्तरांचं भागत होतं, कारण फ्लॅशचा उजेड डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो, तेवढ्यात जमीन हलून हलणार किती! हिच्या मिणमिणत्या दिव्यांपुढे शटर पूर्ण सेकंदभर उघडं राहायचं. शटर लवकर मिटावं म्हणून कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता वाढवून पाहिली, तर फोटोवर वाळू सांडल्यासारखी दिसली. दुसरी अंधारी खोली कारखान्यात नव्हती.

ती थेट घासणी खात्यात गेली. फोरमन रुंद मिशांचा, स्वतःच्या यंत्रांवर लेकरांसारखी माया करणारा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसला.

"ताई, नाचता येईना अंगण वाकडं!"

"अंगण वाकडं नाही, हलतंय. यंत्रं कधी बंद असतात?"

"जेवणाच्या सुट्टीत. पाऊण तास. तीही आम्ही जेवतो म्हणून, तुमच्या फोटोंसाठी नाही."

पाऊण तास! बुधवार धरून चार सुट्ट्या आणि छत्तीस नग. फुंकरताईने डबा न उघडता पहिली सुट्टी धरली. यंत्रं थांबली तशी खोली अशी शांत झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. बीकरमधलं पाणी आरशासारखं निवांत झालं. तिने मोजपात्र ठेवलं आणि शटर उघडलं. पडद्यावर रेघ मोठी करून पाहिली, तर एकच रेघ होती. एकटी, ताठ आणि काळीभोर. तिला इतका आनंद झाला की तिने मोठ्याने "आहे!" म्हटलं, ऐकायला कुणी नसताना. त्या सुट्टीत नऊ झाले.

ते नऊ तिने कॅमेऱ्यातल्या कार्डावर घरी नेऊन कॉम्प्युटरवर सासूबाईंना दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "बाटल्या आहेत," आणि थोड्या वेळाने, "पण छान आहेत हो."

गुरुवारी तिने आणखी दहा काढले. हात आता बसला होता. पुढचा नग आधीच पुसलेला, टेबलावर त्याच्या जागेची खूण आधीच केलेली. सुट्टी संपल्यावर ती मोठ्या ऐटीत कार्ड काढायला गेली आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडून तशीच उभी राहिली. खाच रिकामी होती. कार्ड घरी राहिलं होतं! आणि हा शहाणा कॅमेरा कार्ड नसतानाही शटर उघडत होता, मिटत होता, क्षणभर फोटो दाखवत होता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत कार्ड नसल्याचं सांगतही होता, पण हिची नजर सगळा वेळ रेघांवर. दहा फोटो हवेत विरून गेले.

"ते होय," घरी सासूबाई म्हणाल्या आणि बटणांच्या डबीतून कार्ड काढून दिलं. "नखाएवढं ते. हरवलं असतं म्हणून जपून ठेवलं."

त्यांच्यावर चिडावं असं काही नव्हतं. फुंकरताई स्वतःवरच इतकी चिडली की तिने पाट्यावर चटणी वाटावी तशी पोळ्यांची कणीक मळली. पण कणीक मळून झाल्यावर तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'आधी झाकण उघडून कार्ड बघ', आणि उरलेल्या सत्तावीस नगांची यादी केली. लहान काय, मोठं काय, कशाला काळा कागद रुंद लागतो, कशाला अरुंद. सारख्या उंचीचे नग एका मागे एक लावले, म्हणजे ट्रायपॉड सारखा वरखाली करायला नको.

शुक्रवारी अकरा झाले. शनिवारी सोळा उरले. सुट्टीची घंटा वाजली तशी ती यंत्रासारखी कामाला लागली आणि तेरा उरकले. चौदाव्याला भिंत घरघरली. पाणी थरथरलं.

फुंकरताई घासणी खात्यात गेली आणि फोरमनच्या समोर उभी राहिली.

"यंत्रं दहा मिनिटं थांबवा."

"साहेबांना विचारून या."

"साहेबांना मी नंतर सांगेन. आत्ता तुम्हाला सांगतेय. तीन नग राहिलेत. ते झाले नाहीत तर माझं सगळं गेलं. ही तुमची यंत्रं घासतात त्या बाटल्यांचेच फोटो आहेत ते, माझ्या घरचे नाहीत."

बावीस वर्षांत या बाईचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. फोरमनने मिशीवरून हात फिरवला, तिच्याकडे बघितलं आणि मान वळवून ओरडला, "बंद करा रे! दहा मिनिटं. घड्याळ लावून!" तिला आठ पुरली.

चार वाजता साहेबांनी छत्तीस फोटो एकेक करून पाहिले. मोजपात्राशी थांबले आणि मोठा केला. आणखी मोठा केला. रेघा एकेकट्या, धारदार होत्या. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"सत्तरची रेघ तिरकी आहे."

तिने पाहिलं. होती खरी. केसाएवढी, पण तिरकी.

"फोटोत काहीतरी झालंय," साहेब म्हणाले.

"फोटोत नाही, साहेब. भांड्यावरच आहे." ताळा करायला तिने ते मोजपात्र बरोबर आणलं होतं, ते पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, भांडं खिडकीपाशी नेलं. गोदामात या मापाची चारशे भांडी पाठवायला तयार होती.

"कॉम्प्युटरवर करा सरळ. छपाईला जायचंय."

शनिवारचे चार वाजले होते. हो म्हटलं असतं तर काम तिचं होतं. कुणाला कळणार होतं?

"फोटोतली मी सरळ करीन," फुंकरताई म्हणाली. "चारशे भांड्यांवरची कोण करील?"

साहेबांनी भांडं टेबलावर ठेवलं. मग त्यांनी फोन उचलून गोदामाला सांगितलं की मोजपात्रांची गाडी रोखून धरा, एकही बाहेर जाऊ देऊ नका. फोन ठेवून ते तिच्याकडे वळले.

"सोमवारी चांगलं भांडं पाठवतो. पुन्हा काढावा लागेल हा फोटो."

"काढते," ती म्हणाली. "फक्त फोरमनला तुम्ही सांगा."