जर्ट्रूड तुस्कानो जेवायला थांबली नाही

सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या एका क्लिनिकमध्ये जर्ट्रूड तुस्कानो एक्स-रे काढते. वर्षानुवर्षं ती लोकांना श्वास रोखायला सांगते आहे आणि लोक निमूटपणे रोखतात. अशा नोकरीचा स्वभावावर परिणाम होतोच. वसईकर मंडळाच्या सभेत ती बोलायला उठली की मागच्या रांगेतली कुजबुज बंद व्हायची. ही बाई कधी ना कधी अध्यक्ष होणार हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त जॉयल लोपीसला दिसत नव्हतं. म्हणून तो तिच्याविरुद्ध उभा राहिला आणि पडला.

निवडून येताना जर्ट्रूडने एकच वचन दिलं होतं. यंदा नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होईल आणि गाणी आपली मुलं म्हणतील. मुलं म्हणजे इथेच जन्मलेली, मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ देणारी. तिची स्वतःची सेरेनाही "जेवायला ये गं" म्हटलं की "इन अ मिनिट, मम" म्हणते. तरी जर्ट्रूडने दर शनिवारी त्यांना गराजमध्ये बसवून गाणी घोटून घेतली. अर्थ कळला नाही तरी चालेल, तो नंतर येतो, असं तिचं मत. आपल्यालाही लहानपणी कुठे कळत होता?

जॉयल पडला खरा, पण कार्यकारिणीत माणसं त्याचीच जास्त होती. "मिस्सा इंग्लिशमध्येच हवी, मुलांना बोअर होतं," असं तो म्हणायचा. त्याला स्वतःला मराठी मिस्सा झोप येईल इतकी पाठ होती, ते वेगळं. कार्यकारिणीने नाताळच्या खर्चाला मंजुरी द्यायचं थांबवलं. हॉल अडला, फादरांचं आमंत्रण अडलं, जेवण अडलं. आधी राजीनामा, मग खर्च, असं त्यांचं म्हणणं. जर्ट्रूड म्हणाली, मला सभासदांनी निवडलंय, तुम्ही कोण काढणार?

काढू शकेल असा एक माणूस होता, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं. मंडळाची घटना मिंगेल मच्याडो अंकलनी लिहिली होती. बँकेतून रिटायर झालेले, या देशाच्या राज्यघटनेवर नितांत प्रेम असलेले गृहस्थ. त्यांनी प्रेमाने तिच्यातलं बरंच उचललं. राणीच्या जागी प्रभू येशू ठेवला आणि गव्हर्नर जनरलच्या जागी मंडळाचा आश्रयदाता, म्हणजे स्वतःला. खर्च अडला आणि पेच सुटेना, तर आश्रयदाता अध्यक्षाला दूर करून काळजीवाहू अध्यक्ष नेमू शकेल, असं एक कलम त्यात होतं. घटना वाचून दाखवली त्या दिवशी स्वयंपाकघरातून सोरपोतेलचा वास येत होता. सभासदांनी ती एकमताने आणि घाईघाईने मंजूर केली.

यंदाच्या नोव्हेंबरात इथे टीव्हीवर सारखं एकच चाललं होतं. पंचाहत्तर साली सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, खर्च अडवला म्हणून गव्हर्नर जनरलने निवडून आलेल्या पंतप्रधानाला बडतर्फ केलं, त्याला पन्नास वर्षं झाली. त्याच वर्षी आपल्याकडे पंतप्रधानांनी बाकीच्यांना आत टाकलं होतं. इथे पंतप्रधानालाच बाहेर काढलं. प्रत्येक देशाची आपली पद्धत. जर्ट्रूडने तो कार्यक्रम इस्त्री करता करता पाहिला. मिंगेल अंकलनी वही घेऊन पाहिला.

मग सर्वसाधारण सभेचा रविवार आला. सभा दुपारी दोनला, वेंटवर्थव्हिलच्या हॉलमध्ये. सकाळीच अंकलचा फोन. "जर्ट्रूड, सभेच्या आधी घरी ये. जेवायलाच ये."

ती गेली. अंकलनी तिची गाडी ड्राइव्हवेमध्ये अगदी आत घ्यायला लावली आणि आपली गाडी तिच्या मागे लावली. ऊन लागतं, म्हणाले. मग पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली उभं राहून त्यांनी तिच्या हातात एक पाकीट दिलं.

"घटनेनुसार मी तुला अध्यक्षपदातून मुक्त करतो."

"मुक्त?"

"बडतर्फ. पण मुक्त जरा बरं वाटतं."

"आणि माझ्या जागी जॉयल?"

"काळजीवाहू. मार्चमध्ये निवडणूक. दोन वाजता तो खर्च सभेपुढे ठेवेल, मंजूर झाला की सगळं नियमात बसतं."

"मला मतं दिलेल्या माझ्या बायकांना हे माहीत आहे?"

"जेवण झालं की तूच सांग ना. घाई काय आहे, मेट?"

जर्ट्रूडच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा तो पंतप्रधान आला. त्याला असंच पाकीट मिळालं, तो घरी गेला आणि जेवायला बसला. सिनेटमधल्या आपल्या माणसांना त्याने कळवलंच नाही. त्यांनी, आपलाच नेता जिंकला अशा समजुतीने, अडलेला पैसा हसत हसत मंजूर केला, आणि तो गेला दुसऱ्याच्या हाती. आता हॉलमध्ये तिच्या बायका खर्चासाठी आनंदाने हात वर करणार होत्या. त्या हातांनी जॉयल मार्चपर्यंत पक्का होणार होता. नाताळ डिसेंबरात येतो.

तिने नवऱ्याला, नॅथनला, फोन लावला. तो हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता आणि त्याचा फोन जॅकेटमध्ये होता. जॅकेट खुंटीवर होतं.

"अंकल, गाडी काढा."

इतक्यात फ्लाविया आंटी, अंकलची बायको, वाडगा घेऊन बाहेर आल्या. "गाडी कशाला? पानं वाढलीत."

"आंटी, मला निघायला हवं."

आंटींचा चेहरा पडला. रविवारी त्यांच्या घरून न जेवता आजवर कुणी गेलं नव्हतं. विम्याचा एजंटसुद्धा जेवून गेला होता, आणि त्याचा विमा कुणी घेतला नव्हता. "माझं काही चुकलं का गं?"

"तुमचं नाही. अंकलनी मला आत्ताच अध्यक्षपदावरून काढलं."

आंटींनी वाडगा टेबलावर ठेवला. "कुठे काढलं?"

"इथेच. तसबिरीखाली."

"माझ्या घरात? जेवायला बोलावून?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अन्न खाऊ घालायच्या नावाखाली? निदान जेवल्यावर तरी काढायचंस!"

"फ्लाविया, घटनेत आश्रयदात्याला..."

"घटनेत जेवायचं काय लिहिलंय ते सांग."

त्याबद्दल घटना गप्प होती. आंटींनी किल्ली घेतली. "चल गं, मी सोडते. मिंगेल, तूही बस गाडीत."

"मी कशाला?"

"तुला घरी ठेवलं तर आणखी कुणाला तरी काढशील."

त्या हॉलवर पोहोचल्या तेव्हा माइक जॉयलच्या हातात होता. "सो, फ्रेंड्स, पहिला विषय, नाताळचा खर्च." पुढच्या रांगांतल्या बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या. शेवटी जर्ट्रूड जिंकली म्हणायची! हात अर्धे वर गेले होते.

"हात खाली," जर्ट्रूड दारातून म्हणाली.

ते खाली गेले. मग तिने काय घडलं ते थोडक्यात सांगितलं. त्यावर जो गलका झाला तो वसईच्या कुठल्याही लग्नात शोभला असता.

"जॉयल, हे तुला माहीत होतं?" पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली.

"इट्स इन द कॉन्स्टिट्यूशन!"

"अरे, कॉन्स्टिट्यूशन गेली खड्ड्यात, तू मत मागायला आला होतास तेव्हा माझ्या घरचा चहा प्यायला होतास!"

या गदारोळात कुणीतरी ठराव मांडला की सभेचा विश्वास जर्ट्रूडवर आहे. प्रचंड बहुमताने तो पास झाला. जॉयल सावरला. "ठीक आहे. पण ठराव आश्रयदात्यांकडे न्यावा लागेल. ते आज घरी आहेत. उद्या बघू." पंचाहत्तर साली असाच ठराव घेऊन गेलेल्या सभापतींना गव्हर्नर जनरलच्या दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं; तोवर संसद बरखास्त झाली. जॉयलनेही टीव्ही पाहिला होता.

"कशाला उद्या?" आंटी मागून म्हणाल्या. "हे काय, बसलेत माझ्या शेजारी."

सगळा हॉल मागे वळला. मिंगेल अंकल उठले. त्यांनी घसा साफ केला, एकदा जॉयलकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. त्यांचा घटनात्मक विवेक जागा झाला.

"सभेची इच्छा ती आश्रयदात्याची इच्छा. जर्ट्रूड तुस्कानो अध्यक्ष आहेत."

टाळ्या थांबेनात. जर्ट्रूड चालत पुढे गेली, जॉयलकडे हात पसरला, आणि त्याने माइक तिच्या हातात दिला. आता खर्चाला हात वर गेले ते पूर्ण वर. ते आश्रयदात्याचं कलम रद्द करण्याचा ठराव तिने अंकलनाच मांडायला लावला. अनुमोदन द्यायला पहिला उठला जॉयल. त्याला पुढेमागे अध्यक्ष व्हायचं आहे आणि तो व्यवहारी माणूस आहे.

"मराठी मिस्सा," जर्ट्रूडने माइकवरून विचारलं. "कुणाची हरकत?"

कुणाचीही नव्हती. मग तिने मुलांना पुढे बोलावलं. सेरेनाने डोळे फिरवले, पण आली. आणि सिडनीत जन्मलेल्या त्या टोळीने, अस्सल ऑस्ट्रेलियन उच्चारांत, बेथलेहेमचं गाणं मराठीत असं काही ठणकावून म्हटलं की हॉलचा केअरटेकर काय झालं ते बघायला आत आला, आणि गाणं संपेपर्यंत टोपी काढून उभा राहिला.