सरूवहिनींचं डेल्फ्ट

दादा स्वतःहून कधी फोन करायचा नाही. काही निरोप असला तर वहिनींना नंबर लावायला सांगायचा, आणि वहिनी "घ्या, ह्यांना बोलायचंय" असं म्हणून पुढचं सगळं स्वतःच बोलून टाकायच्या. त्यामुळे बारा दिवसांपूर्वी दुपारी मंचरला माझ्या घरचा फोन वाजला आणि पलीकडून थेट दादाचा आवाज आला, तेव्हाच मी खुर्ची ओढून बसलो. "बापू, तुझी वहिनी गेली रं," एवढंच म्हणाला. मग जरा खाकरून, "जेवून जरा आडवी झाली व्हती. चहाला उठलीच न्हाई."

दादाच्या घरी महाळुंग्याला पोहोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. रडून झालेल्या बायका ओट्यावर टेकल्या होत्या आणि हळूहळू एकेकीला वहिनींचं काही ना काही आठवत होतं. शेजारची पारूबाई डोळे पुसत म्हणाली, "आता आमाला डेल्फ्टचं कोन सांगायचं?" आणि त्या तसल्या वेळीही दोघीतिघींना हसू फुटलं. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल, पण आमच्या महाळुंगे पडवळमध्ये डेल्फ्ट हे हॉलंडमधलं शहर कळंबच्या पलीकडंच कुठंतरी असावं इतकं ओळखीचं आहे. तिथल्या कोणत्या चर्चचा मनोरा कलला आहे आणि कोणती वेस अजून उभी आहे, हे इथल्या शेंगा फोडणाऱ्या बायका सांगतील. हे सगळं सरूवहिनींचं काम.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाची शेती होतीच, पण त्याचा खरा जीव इमारतीच्या कामात. आजूबाजूच्या निम्म्या घरांचे पाये त्यानं घेतलेले, विहिरी बांधलेल्या. दोघांना एकच मुलगी, वैजू. दादा लहानपणी तिला कामावर घेऊन जायचा, भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा धरायला शिकवायचा. ती पुण्यात इंजिनियर झाली आणि नव्वदचं दशक सरता सरता पाण्याचं पुढचं शिकायला डेल्फ्टला गेली, तेव्हा दादानं गावभर पेढे वाटले. दोन वर्षांनी तिनं तिकडच्याच यान नावाच्या वर्गमित्राशी लग्न केल्याचं कळवलं. दादानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "तिचं तिनं बघितलं. आता आपलं आपन बघू." त्यानंतर दर रविवारी वैजूचा फोन वाजला की दादा उठून विहिरीकडं चालू लागायचा आणि बोलणं संपेपर्यंत तिकडंच रेंगाळायचा. वहिनी त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. वाट बघत राहिल्या.

मग काही वर्षांनी वैजूला दिवस गेले. वहिनींनी भाकरी थापता थापता जाहीर केलं, "मी जानार. लेकीचं बाळंतपन आईनं न्हाई करायचं तर कुनी?" दादा म्हणाला, "जा की. मी कुटं अडवलंय?" "अडवलं न्हाई, पन मी बी येतो असं बी म्हनला न्हाई," वहिनींनी तव्याकडं बघतच उत्तर दिलं आणि मग माझ्याकडं वळल्या. "भावजी, तुमी चला. टेलिफोन खात्यात जन्म गेला तुमचा, तुमाला इंग्रजी येतंय." माझं इंग्रजी लाइन जोडण्यापुरतं होतं, पण नुकताच निवृत्त झालो होतो आणि वहिनींना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. निघायच्या दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र दादानंच पिशवीत घातला आणि सुतळीनं ती पिशवी अशी आवळली की विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ती उघडायला कात्री मागवावी लागली.

यान आम्हाला घ्यायला आला होता. एवढा उंच माणूस आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. वैजूनं शिकवलं असणार, तो वाकून नमस्कार करायला गेला आणि वाकता वाकता त्याला इतका वेळ लागला की वहिनी म्हणाल्या, "पुरे रं बाबा, कंबर धरंल." त्याला कळलं काही नाही, पण तो हसला. पुढचे कितीतरी दिवस सासू-जावयात हसणं एवढंच चालायचं. बाळ झालं. मुलगी. वैजू आणि लेक दुपारी झोपल्या की घरात आम्ही तिघं एकमेकांकडं बघत बसायचो. यानला मराठीतला एकच शब्द नीट येत होता, "चला". एका शनिवारी दुपारी तो कोट घालून दारात उभा राहिला आणि वहिनींना म्हणाला, "चला."

त्या "चला"नं आम्हाला सगळं डेल्फ्ट दाखवलं. गाव तसं आटोपशीर, पायी फिरण्यासारखं. रस्त्याच्या मधून कालवे, कालव्यांवर छोटे कमानीचे पूल, दोन्ही काठांना अरुंद, उंच विटांची घरं. चालता चालता वहिनी एका पुलावर एकदम थांबल्या. समोर जुन्या चर्चचा विटांचा मनोरा होता, सरळ सरळ कालव्यावर झुकलेला. "अगं बया! भावजी, ह्यो पडतोय का काय?" त्या पुढं यायला तयारच होईनात. यान हातवारे करत, थोडं इंग्रजीत, सांगू लागला आणि मी जमेल तसं मराठीत सांगत गेलो. तिथं पूर्वी कालवा होता. तो बाजूला सरकवून, जुनी जागा बुजवून त्यावर मनोरा उभा केला, आणि बांधकाम चालू असतानाच तो खचायला लागला. बांधणाऱ्यांच्या ते लक्षात आलं, तसे ते वर जाता जाता सरळ करत गेले. आता अगदी टोकाशी चार कोपऱ्यांत जे छोटे कळस आहेत ना, तेवढेच सरळ उभे आहेत. हे ऐकून वहिनी तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हंजी मिस्त्र्याला मधीच कळलं, तरी त्यानं काम सोडलं न्हाई!" मग हसू थांबलं आणि त्या मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "आबांनी हे बघाया पायजे व्हतं," एवढंच म्हणाल्या. वैजूच्या जन्मापासून त्या दादाला आबाच म्हणायच्या.

त्या दिवसापासून वहिनींचं बघणं बदललं. प्रत्येक इमारतीपाशी जाऊन त्या विटा चाचपायच्या, दरवाजाची जाडी वितीनं मोजायच्या. पूर्वेकडची जुनी वेस त्यांना फार आवडली. दोन टोकदार मनोरे आणि खाली पाण्यात त्यांची सावली. "जुन्नरच्या वेशी आपन जपायला पायजे व्हत्या," असं त्या तिथं जरा रागानंच म्हणाल्या. एका जुन्या वाड्यात त्यांच्या देशाच्या मोठ्या पुढाऱ्याला शेकडो वर्षांपूर्वी गोळ्या घातल्या, त्या गोळ्यांची भोकं भिंतीत काचेखाली जपून ठेवली आहेत. वहिनींनी विचारलं, "लिंपली न्हाई व्हय?" मी म्हणालो, मुद्दाम ठेवलीत. त्यांनी काचेसमोर हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या एका डच आजीबाईंनीही मग मान लववली.

बाजारचौकात एका टोकाला नगरपालिकेची लाल खिडक्यांची देखणी इमारत आणि समोर नवं चर्च. नवं म्हणायचं, पण तेही कित्येक शतकांचं. त्याच्या मनोऱ्यावर आतल्या गोल, अंधाऱ्या जिन्यानं चढता येतं. जिना इतका अरुंद की खाली येणाऱ्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. मी अर्ध्यातच दम लागून एका खिडकीशी बसकण मारली. वहिनींचं नऊवारी, कासोटा घट्ट. शिवनेरी चढायची लहानपणापासूनची सवय. त्या "बसा तुमी" म्हणून वर गेल्या, मागं यान. बऱ्याच वेळानं दोघं खाली आली ती खदखदून हसत. वर काय झालं, दोघं कोणत्या भाषेत काय बोलली, ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण उतरताना वहिनींचा हात यानच्या हातात होता, आणि त्या दिवसापासून तो त्यांचा 'यानबा' झाला.

परत आलो. दादा अंगणात उभा होता. मला वाटलं, आता वहिनी नातीचं कौतुक सुरू करतील. त्यांनी बाळाचं नाव काढलं नाही, जावयाचं तर नाहीच. संध्याकाळी जेवताना भाजी वाढत सहज म्हणाल्या, "तिथं एक देऊळ हाय त्यांचं. लई कललंय."

दादा जेवत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "किती कललंय?"

"आता पडंल असं. पन पडत न्हाई."

"पाया?"

"वढा बुजवून त्याच्यावर घेतलाय म्हनं."

दादाचा घास हातातच राहिला. "वढ्यावर? आन् एवढं वज्झं पेललं? खाली लाकडं ठोकली असतील... कंचं लाकूड? पान्यात कुजत न्हाई?"

"मला काय कळतंय त्यातलं," वहिनी म्हणाल्या. "त्याला ठावं हाय समदं."

'त्याला' म्हणजे कुणाला हे सांगायची गरज नव्हती. दादा हात धुऊन बाहेर गेला. पण वहिनींनी मग रोज थोडं थोडं पुढं सरकवलं. आज टोकावरच्या सरळ कळसांचं, उद्या पाण्यातून थेट वर आलेल्या भिंतींचं. दादा मला गाठून विचारायचा, "बापू, त्या भिताडांना ओल कशी चढत न्हाई रं?" मला खरंच माहीत नव्हतं.

मग आला रविवार. फोन वाजला. दादा उठला, पण विहिरीकडं न जाता उंबऱ्यातच बसला. वहिनी फोनवर म्हणाल्या, "हां, हायेत की हितंच," आणि रिसीव्हर त्याच्यापुढं धरला. "लाकडाचं इचारायचंय म्हनत व्हता न्हवं? यानबा हाय." दादानं तो घेतला. कानाला घट्ट दाबला. मग विहिरीच्या तळाशी उतरलेल्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला, "हॅलो! वूड! वूड कंचं?"

पलीकडं बिचाऱ्या यानला काही कळलं नसणार. फोन वैजूनं घेतला. इतक्या वर्षांनी बापलेकीचं पहिलं बोलणं झालं ते लाकडाच्या खांबांवर. तिचा आवाज रिसीव्हरमधून मलाही ऐकू येत होता. "आबा, तिकडं जुन्या घरांखाली लाकडाचे खांब ठोकतात. कायम पाण्याखाली राहिलं तर लाकूड कुजत नाही. पाणी उतरून हवा लागली की कुजतं."

"आसं व्हय..." दादा म्हणाला. मग खालच्या आवाजात, "पोरगी कशी हाय?"

"कुठली, आबा?"

"दोगी बी," दादा म्हणाला.

वहिनी तिथून कधीच उठल्या होत्या. स्वयंपाकघरात त्या भांडी इतकी मोठमोठ्यानं आदळत होत्या की मला कळलं, आत जायचं नाही.

त्या थंडीत वैजू, यान आणि नात तिघंही महाळुंग्याला आली. वहिनींनी ठरवूनच टाकलं होतं, "त्यानं मला त्याचं गाव दावलं, आता आमी आमचं दावनार." दादानं जावयाला शिवनेरीवर नेलं, कातळात खोदलेली पाण्याची टाकी दाखवली, यान पोटावर झोपून वाकून पाणी बघत होता आणि दादा अभिमानानं असा उभा होता की जणू ती त्यानंच खोदलीत. भीमाशंकराच्या देवळात दोघं दगडांचे सांधे बोटांनी चाचपत फिरले. भाषा नव्हती, पण दादाच्या खिशात मापाची टेप होती आणि तेवढी त्यांना पुरली. घरी आल्यावर वहिनींची मासवडी आणि बाजरीची भाकरी. यान घाम पुसत पुसत रस्सा ओरपायचा. पुढं ती माणसं एका वर्षाआड येत राहिली, आणि वहिनी अंगणात बसून बायकांना डेल्फ्ट सांगत राहिल्या. मनोरा त्यांच्या तोंडी दर वर्षी थोडा जास्तच कलायचा.

परवा दहावा झाला. वैजू, यान, नात, सगळे आले होते. घर झाडून-पुसून घेताना एक पुतणसून स्वयंपाकघराच्या दारापाशी थबकली. त्या चौकटीच्या वरच्या लाकडाला हिरव्या लुगड्याच्या पट्टीची एक जाडजूड गुंडाळी बांधलेली आहे. यान पहिल्यांदा आला तेव्हा आत येता-जाता त्याचं कपाळ तिथं आपटायचं. दादा छिन्नी-हातोडा घेऊन चौकटच काढून वर घ्यायला निघाला होता, तर वहिनी म्हणाल्या, "घर नका मोडू, मी बांधते काय तरी." आणि आपलं लुगडं फाडून त्यांनी ही गादी बांधली. आमच्यात तेवढं उंच दुसरं कुणी नाही. धुरानं ती काळवंडली होती. सुनेनं सोडायला हात वर केला तसा ओट्यावरून दादाचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे ते. त्याला लागंल."

मग तो स्वतः उठला. स्टूल ओढून त्यानं ती पट्टी सोडली, न्हाणीत नेऊन साबण लावून धुतली. आयुष्यात त्यानं कधी रुमालसुद्धा धुतलेला मी पाहिला नाही. दिवसभर ती अंगणातल्या तारेवर वाळत होती. ऊन उतरल्यावर त्यानं ती परत बांधली, आणि यानला हाक मारून खाली उभं करून, डोकं नेमकं गादीलाच टेकतंय का ते बघितलं.