नऊ घरांच्या बॅटऱ्या

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा खार साठतो ना, तसे आमच्या धंद्यात किस्से साठतात. कितीही पुसा, महिन्याभरात पुन्हा तेवढेच! ऐकणारे हसतात. मी हसायचं कधीच सोडलंय.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वेल्ह्याच्या डोंगरात नऊ घरांची एक वाडी. लाईटचे खांब तिथवर पोचलेच नव्हते. एका संस्थेनं घरटी एक सोलर पॅनेल, एक बारा व्होल्टची बॅटरी आणि मधे चार्ज कंट्रोलरचा डबा दिला होता. पॅनेल बॅटरीत जास्त वीज भरायला लागलं की डबा अडवतो, बॅटरी फार उतरली की दिवा बंद करतो. मी भोरहून महिन्याला चक्कर मारायचो. नऊ बॅटऱ्या जगवायच्या, एवढंच माझं काम!

*

हौसाक्का वाडीतल्या सगळ्यात थोरल्या. त्यांना तो डबा पहिल्यापासून खटकायचा. "लई चिकट हाय त्यो. ऐन जेवायच्या वक्ताला दिवा घालवतो!" त्यांनी डब्याला बगल देऊन तार थेट जोडून घेतली. मी ती सोडवली, कंट्रोलर पुन्हा बसवला, तासभर समजावलं. सगळी वाडी मन लावून बघत होती.

पुढच्या महिन्यात गेलो तर नऊच्या नऊ घरांत तार थेट! आणि जोडणी अशी सफाईदार, की मलाही जमली नसती. म्हटलं, कुणी शिकवलं? हौसाक्कांचे दीर सोपानआबा छाती फुगवून म्हणाले, "तुमीच की! तुमी सोडवताना बगितलं, आमी उलटं केलं!"

*

डबा अडवायला नाही म्हटल्यावर उन्हाळ्यात बॅटऱ्यांतलं पाणी आटायला लागलं. मी डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या डोंगरावर वाहून नेल्या. बजावलं, "यातलंच घालायचं." पुढच्या खेपेला बघतो तर बॅटऱ्यांत झऱ्याचं पाणी!

"आणि बाटल्या?"

"इकतचं पाणी त्ये! बॅटरीत कशाला घालायचं? पावन्यांसाठी ठेवलंय," हौसाक्का म्हणाल्या. तोवर माझा अर्धा तांब्या रिकामा झाला होता.

*

वळवाच्या वाऱ्यात दोन भावांची दोन पॅनेलं फुटली. ऑफिसनं बदली एकच मोठं पाठवलं, चोवीस व्होल्टचं! मी कापूरहोळच्या एसटीडी बूथवरून संस्थेच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, बॅटऱ्या बाराच्या आहेत हो!"

"दोन आहेत ना? बारा नि बारा किती? बसवा!"

तिथंच सलीमभाईंचं बॅटरीचं दुकान. ते म्हणाले, "साहेबाचं गणित चुकलं न्हाई. दोनी बॅटऱ्या एकामागं एक जोडा, चोवीस हुतात. चोवीसचा कंट्रोलर म्या देतो. पर एक तार निघाली की दोनी उपाशी!"

जोडलं. पंधरा दिवसांत तार निघालेली. थोरल्या भावानंच काढली होती. म्हटलं, "अहो, यानं तुमचीही बॅटरी भरत नाही!"

"नगं भरंना. त्याची तर भरत न्हाई!"

*

शेवटी सलीमभाईंनाच वर घेऊन गेलो. त्यांनी नऊही बॅटऱ्या तपासल्या, हात पुसले. "मेल्या न्हाईत ह्या. मारल्यात!"

नव्या बॅटऱ्यांशिवाय वाडीत पुन्हा दिवा लागणार नव्हता. मी साहेबांच्या मागं लागलो. ते म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. दिवे बंद असतील तर नऊ नव्या मंजूर. पण हे शेवटचं, यानंतर योजना बंद." मी वाडीला निरोप धाडला, मंगळवारी साहेब दिवे तपासायला येतायत, घरीच थांबा.

*

मंगळवारी साहेब पहिल्या घरात शिरले, बटण दाबलं. दिवा लागला! दुसऱ्या घरातही लागला. प्रत्येक घरापुढं सोपानआबा साहेबांना ओसरीवर बसवून घेत होते. चहा, काकडी, ताक, पुन्हा चहा.

चौथ्या घरात मी खाली वाकून बघितलं. जीपची बॅटरी, मूठ तुटलेली! पाचव्या घरातही तीच. पायथ्याच्या गावातल्या एका जीपमधून काढून डोंगर चढवून आणली होती, आणि साहेब चहा पीत असताना मागच्या दारानं गडी ती खांद्यावरून पुढच्या घरी पळवत होते.

बोलावं तर अख्खी वाडी साहेबांसमोर खोटी पडणार. मी गप्प बसलो. त्याची आजही लाज वाटते.

नवव्या घरात साहेबांनी कागदावर लिहिलं, "सर्व दिवे चालू. नवीन बॅटऱ्यांची गरज नाही." माझी पाठ थोपटली आणि डोंगर उतरायला लागले.

हौसाक्कांनी मला बाजूला ओढलं. आनंदानं त्यांचे डोळे भरले होते. "दिवं लागलं नसतं तर तुमची नोकरी घालवली आसती त्यानं! वाचिवलं का न्हाई आमी तुमाला?"