साळवेकाकांची गुरुवारची सुट्टी

मंडळी, आज नातीने कॉलेजमधून निघताना मोबाइलवर लोकेशन पाठवलं. घरी आल्यावर विचारते, "आजी, तुझ्यावर कोण लक्ष ठेवायचं गं?"

सायकली, बाई!

१९७८ साली मी पुण्याच्या कॉलेजातून संध्याकाळी कासारवाडी स्टेशनवर उतरायचे. शिफ्ट सुटलेल्या कामगारांच्या सायकलींनी रस्ता भरलेला असायचा. मी बिनधास्त घरी चालत जायचे.

पण आमच्या भागात दर गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, हे पहिल्याच आठवड्यात विसरले. रस्ता सुनसान! मी भराभर चालायला लागले.

तेवढ्यात घंटी वाजली. शेजारचे साळवेकाका सायकल धरून उभे.

"काका, आज सुट्टी ना तुम्हाला?"

"कंपनीला हाय. तुझ्या कॉलेजाला कुठं हाय?"

पुढची तीन वर्षं काकांना गुरुवारची सुट्टी काही मिळाली नाही.

तुमच्यासाठी असं कोण थांबायचं?