रिलीवर आल्याशिवाय

आमच्या यांनी उभी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर काढली, आणि त्या भट्टीने यांना एकच धडा दिला: रिलीवर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत आधीच्याने हलायचं नाही, मग घरी कोणी मरो की जन्मो. मुलीच्या बारशाला हे सगळं उरकल्यावर उगवले होते, कारण यांचा रिलीवर उशिरा आला. मी तेव्हाही तणतणले होते, पण मनात कळत होतं की ते बरोबर आहे. तिथं वितळलेलं लोखंड होतं, कोणीतरी उभं लागतंच. बँकेच्या दारातल्या कापडी मंडपात काय वितळत होतं, ते मात्र मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

रिटायर झाल्यावर हाती आलेला सगळा पैसा यांनी एका सहकारी बँकेत ठेवला. का, तर प्लांटमधले सगळेच तिथं ठेवत होते, आणि काउंटरवरचा माणूस मराठीत बोलायचा. या हिंदी मुलखात दिवसभर हिंदी बोलून बोलून आमची मराठी माणसं अशी होऊन गेलीत की कोणी "या काका, बसा" म्हटलं की विरघळलीच. कुरुदला प्लॉटवर घर काढलं होतं. भिंती उभ्या झाल्या, स्लॅब तेवढा टाकायचा राहिला, आणि बँकेने हात वर केले. वरून बंदी आली म्हणे, पैसे काढता येणार नाहीत. इकडे मरोद्यातलं कंपनीचं क्वार्टर सोडायची नोटीस दारावर चिकटलेली. स्लॅब झाला तर डोक्यावर छप्पर, नाही तर सामान घेऊन रस्त्यावर. एवढी सरळ गोष्ट होती.

मग धरणं सुरू झालं. आता प्लांटची माणसं धरणं कशी करणार? शिफ्ट लावली! ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट. मंडपात सतरंजी, पाण्याचा माठ, आणि बसणारे सगळे पांढऱ्या केसांचे, वेळेवर डबा घेऊन येणारे. मी शाळेत शिकवत होते, येताजाता बघायचे. हसू यायचं आणि रागही यायचा. लोक बँकेच्या नावाने घोषणा द्यायचे, आणि दुपार झाली की घड्याळ बघून "चला, बी शिफ्टवाले आले" म्हणून घरी. कमिटीने दोन गोष्टी ठरवल्या होत्या. मंडप रिकामा ठेवायचा नाही, कारण एकदा शिफ्ट बदलताना रिकामा दिसला तर पोलिसांनी बांबू उपटून नेले होते. आणि एकट्यादुकट्याने बँकेशी तोडपाणी करायचं नाही. घ्यायचं तर सगळ्यांनी.

हे ए शिफ्टला. यांच्यानंतर बी शिफ्टला बसायचा तो यांचा भट्टीवरचाच रिलीवर. भंडाऱ्याकडचा माणूस, वर्षानुवर्षं यांच्या हातातून काम घेतलेला. आमच्या दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा त्याच्या घरी जायचा. त्याचंही घर कुरुदलाच अर्धवट पडलं होतं, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून.

एका दुपारी शाळेतल्या एका बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांचे दीर दुर्गला त्याच बँकेच्या मोठ्या ऑफिसात होते. म्हणाल्या, आज गुपचूप टोकन वाटून राहिले. ज्यांचं घर अडलंय, दवाखाना अडलाय, त्यांना आधी पैसे सुटणार. खातेदार स्वतः पाहिजे, आणि खिडकी आज संध्याकाळी बंद झाली की झाली.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि ऑटो करून थेट मंडपात गेले. तिथं हे एकटेच. सतरंजीवर मांडी घालून, समोर बँकेचं अर्धं उघडं शटर.

"उठा," मी म्हटलं. "दुर्गले चला. टोकन वाटून राहिले."

"आता कसा येऊ?"

"कावून नाई येत?"

"रिलीवर नाई आला."

माय वो! मला वाटलं आपणच वेडे झालो. मी हात जोडले, मग ओरडले. चहाच्या टपरीवरची माणसं बघायला लागली. "अहो, ही भट्टी नोहे! कोणाचं का जळून राहिलं इथं?" यांचा चेहरा तसाच. "मंडप खाली दिसला का उचलून नेतीन," म्हणाले. "तो येईनच. तू पासबुक घेऊन हो पुढं. तो आला का मी निघतोच."

गेले मी. दुसरं काय करणार होते? दुर्गच्या त्या ऑफिसच्या जिन्यावर ही गर्दी. कोणी घोषणा देत नव्हतं, कोणी कोणाकडे बघतही नव्हतं. अर्धे चेहरे आमच्या मंडपातले. कमिटीतला एकजण मला बघून मोबाइलमध्ये घुसला. आणि खिडकीपासून थोडं अलीकडे, प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून, यांचा रिलीवर.

"वहिनी," तो म्हणाला. लगेच खिडकीकडे तोंड फिरवलं त्याने.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण त्याच्याशी भांडत बसायला वेळ नव्हता. मी कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "तुमचा रिलीवर इथं लायनीत उभा आहे. माह्या डोळ्यासमोर. आता तरी उठा! ऑटोनं या, मी जागा धरतो."

पलीकडून सतरंजी सरकल्यासारखा आवाज आला. मला वाटलं निघाले वाटतं. मग हे म्हणाले, "म्हणजे आता इथं कोणीच येनार नाई."

"हो नं! म्हणूनच म्हणतो या!"

"मंग तर मले उठताच येत नाई."

फोन ठेवला यांनी. मी लायनीत उभी राहिले, खिडकीपर्यंत पोचले, पासबुक सरकवलं. आतल्या माणसाने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पासबुक परत केलं. खातेदार पाहिजे. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला आणि मग त्याने पुढच्याला बोलावलं.

परत मंडपात आले तेव्हा दिवे लागत होते. मॅनेजर शटर लावून निघाला होता. जाता जाता यांना म्हणाला, "अंकल, अब घर जाइए, सब चले गए." हे उठले, सतरंजी झटकली, घडी घातली. मी माठ उचलला आणि यांच्या मागोमाग निघाले.

त्यानंतर धरणं उरलंच नाही. टोकनवाल्यांचे पैसे सुटले, बाकीच्यांना "प्रोसेस चालू आहे" म्हणून सांगतात, अजूनही सांगतात. कुरुदच्या आमच्या भिंतींच्या आत गाजरगवत माजलं. क्वार्टरची आधी लाइट कापली, मग माणसं कुलूप घेऊनच आली. आमचं सामान अंगणात काढलेलं, कपाट, गॅस, माझी शिलाई मशीन, आणि शेजारीपाजारी खिडकीतून बघून राहिलेले. तेवढ्यात रिलीवरची बायको आली. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, आमची मागची खोली रिकामीच आहे. चला."

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. राग पुष्कळ होता, जागा कुठं होती?

आता त्याच्या स्लॅबखाली राहतो आम्ही. भाडं घेत नाहीत. सकाळी ती चहा आणून देते, तो मी पितेही. संध्याकाळी हे आणि तो ओट्यावर बसून भट्टीच्या गोष्टी करतात, टाळ्या देऊन हसतात. आत माझा जीव जळत असतो. परवा राहवलं नाही, यांना खोलीत बोलावून मी कडाडलेच, "तुमाले राग नाई येत त्याचा? काहीच नाई वाटत?"

यांनी आधी दार लोटून घेतलं.

"येते नं," म्हणाले. "पण हळू बोल. घर त्याचं आहे."